पाच घरांची कढई

गौरीशंकरच्या भट्टीचा धूर सरळ वर जातो आणि आपला घरभर फिरतो, ही गोष्ट शांतलिंगला रोज सकाळी खुपायची. वारा दोन्ही अंगणांतून एकच. बाभळीचं लाकूड एकाच मोळीवाल्याकडचं. तरी गौऱ्याचा धूर शहाण्यासारखा वर जायचा आणि याचा धूर सोयऱ्यासारखा घरात मुक्काम करायचा. "अवं, त्येंनी धुराडं बांधलंय, तुमी बांधलं न्हाय," असं भुवनेश्वरीनं त्याला कितीदा तरी सांगितलं होतं. पण बायकोनं सांगितलेलं कारण पटलं, तर मग माणसानं जळायचं कशावर?

दोघे चुलत भाऊ. शांतलिंग थोरल्या घरचा, गौरीशंकर धाकट्या घरचा. सोनारीच्या अलीकडं माळाला टेकलेल्या त्या वाडीत खव्याची पाच घरं. एकेका घरी दोन-तीन म्हशी, म्हणजे एकट्याच्या दुधानं मोठ्या कढईचं बूडही धड झाकत नाही. म्हणून आज्यांनी पाळी लावून दिली होती. आज पाचही घरांचं दूध शांतलिंगच्या कढईत, उद्या गौरीशंकरच्या, मग गुंडाप्पाच्या, मग शांताक्काच्या, मग दगडाबाईच्या. ज्याची पाळी त्याचा खवा. इतर दिवशी आपलं दूध दुसऱ्याच्या कढईत ओतायचं आणि आपल्या दिवशी सगळ्यांचं आपल्याकडं यायचं. प्रत्येकाच्या चरवीला आतून एक खूण होती, तिथवर दूध आलं की झालं. एखाद्याची म्हैस आटली, खुणेला पोचता आलं नाही, तर बाकीचे सांभाळून घ्यायचे. पाळी मात्र चुकायची नाही.

त्यामुळं शांतलिंगची गोची व्हायची. गौऱ्याचा खवा बार्शीत नावानं मागतात आणि आपला 'तो दुसरा' म्हणून मागतात, याला त्याच्याकडं सबबच नव्हती. दूध तेच. म्हशी त्याच. फरक होता तो फक्त हाताचा.

त्या दिवशी गौरीशंकरची पाळी होती. यंदा फाल्गुनातच विहिरी खडखडल्या होत्या, कडबा मिळेना झाला होता, म्हशींच्या बरगड्या वर आल्या होत्या. शांतलिंगनं खुणेला दोन बोटं कमीच भरलेली चरवी नेली. गौरीशंकर उघड्या अंगानं कढईला कोरडा हात फिरवत होता.

"या आण्णा. आणा हिकडं."

त्यानं चरवीत वाकून बघितलं, बोलला काही नाही. मग धुतलेलं फडकं कढईवर ताणलं आणि दूध त्यातून ओतलं.

"गाळूनच आणलंय म्या," शांतलिंग म्हणाला.

"व्हय की. आमची आपली सवय."

फडक्यावर म्हशीचा एक काळा केस राहिला. गौरीशंकरनं तो चिमटीत धरून उचलला आणि भट्टीत टाकला. बोलला तेव्हाही काही नाही. हेच शांतलिंगला सोसत नव्हतं. शिवी दिली असती तर परत देता आली असती.

पाळी फिरून त्याच्याकडं आली, तेव्हा त्यानं हट्टानं गौऱ्यापेक्षा सरस खवा काढायचं ठरवलं. दूध उकळायला लागल्यापासून उलथणं थांबू दिलं नाही. हाताच्या केसांना आच लागत होती, खांद्यात कळ येत होती, कपाळाचा घाम कढईत पडू नये म्हणून तो मान वाकडी करून ढवळत होता. दूध आळलं, बुडबुडे जड झाले, कडेनं सुटायला लागलं. त्याच वेळी धूर फिरला आणि डोळ्यांत गेला. डोळे पुसायला एक हात सोडला तेवढाच. बुडाला लागलं. खवा वाईट नव्हता. पण नाकाशी नेला की खालून बारीकसा जळका वास यायचा आणि खवा घेणाऱ्या बार्शीच्या शेठला तो दुरूनच येत असावा.

परंड्याचा आयुब पिकअप घेऊन खवा न्यायला आला. बोलघेवडा माणूस. वाडीतला खवा बार्शीला आणि बार्शीतल्या गप्पा वाडीला, अशी त्याची दुहेरी वाहतूक असायची. भुवनेश्वरीनं दिलेला चहा फुंकत तो म्हणाला, "शांतलिंगभाई, शेठनं सांगितलंय, गौरीशंकरचा माल येगळ्या फडक्यात बांध."

"आन माझा?"

"तुझा बी घेतोच की. कोण न्हाय म्हणतंय?"

शांतलिंगनं भट्टीतलं लाकूड उगाचच पुढं सारलं. विषय बदलावा म्हणून आयुबनं दुसरी बातमी काढली. कुठल्याशा डेअरी कंपनीचा साहेब गावोगाव फिरतोय. दुधाचं सेंटर टाकतोय. खव्यापेक्षा दुधाला जास्त भाव देतोय.

"मग बरंच हाय की," शांतलिंग म्हणाला.

"बरं? तुला आमच्या घरातला खड्डा ठावं हाय का?"

"कसला खड्डा?"

"मागाचा. आमचा खापरपणजा त्यात पाय सोडून बसायचा आन धोतरं इणायचा. कापूस हितलाच, सूत हितल्याच बायांनी कातलेलं. मग बार्शीच्या पेठेत गोऱ्या साहेबाचे दलाल आले. मारलं न्हाय, झोडलं न्हाय. कापसाला जरा जादा भाव दिला. बस. समदा कापूस गाडीबैलानं त्यांच्याकडं, मग रेल्वेनं ममईला, तिथनं बोटीनं विलायतेला. तिकडं यंत्रावर कापड झालं आन तेच माघारी पेठेत आलं. आपल्याच कापसाचं, पर आपल्या मागापेक्षा सस्तं."

"पर हितं राज्य तर निजामाचं हुतं."

"व्हय ना. साहेबाला राज्याची हौस कुठं हुती? त्याचं दुकान हुतं. जिथं दुकानाला राखण लागली तिथं राज्य केलं, जिथं लागली न्हाय तिथं निजाम ठिवला. ह्यो आपला मुलूख बी इंग्रजानं घेतला हुता काही वर्सं, वऱ्हाड बी घेतलं. मग आपल्याला दिलं सोडून, वऱ्हाड ठिवून घेतलं. कशापाई? तिथला कापूस झ्याक. आमचे अब्बा म्हणायचे, बोरं चाखल्यावानी मुलूख चाखला त्यानं. गोड तेवढं पदरात, बाकीचं खाली."

शांतलिंगला क्षणभर वऱ्हाडाचाही हेवा वाटला.

"आन खरी गंमत फुडंच हाय," आयुब कप खाली ठेवत म्हणाला. "गल्लीत दुसरा माग हाफिजचा. त्याचं आन आमच्या खापरपणज्याचं जमत नव्हतं. हाफिजचा माग आधी बंद पडला. तवा आमच्या ह्या शहाण्यानं गल्लीत साखर वाटली. म्हणला, आता समदं गिऱ्हाईक माझं. वर्साच्या आत ह्यो बी खड्ड्यातनं वर."

तिघंही हसले. सगळ्यात जास्त शांतलिंग हसला, कारण त्याच्या मनात हाफिजच्या जागी गौऱ्या बसला होता.

चार दिवसांनी डेअरीचा साहेब खरंच आला. पांढरी गाडी, इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. आणि गाडी कुठं थांबली? गौरीशंकरच्या दारात. शांतलिंग वैरण काढायच्या निमित्तानं माळवदावर चढला. तिथून सगळं दिसत होतं, ऐकू मात्र काही येत नव्हतं. साहेबाला बाज टाकली. चहा झाला. साहेबानं खवा चाखून मान डोलावली. गौरीशंकर हसत होता, हात लांब करून काहीतरी दाखवत होता. 'सेंटरची जागा दाखवतोय,' शांतलिंग मनाशी म्हणाला. आता याच्या दारात गाड्या थांबणार. आता आपण रोज चरवी घेऊन याच्या दारात रांगेला उभं राहणार आणि हा फडक्यातून केस काढून दाखवणार. शिडीच्या दोन पायऱ्या चुकवूनच तो खाली आला.

"कुठं चाललाव?" भुवनेश्वरीनं विचारलं.

"आलो."

आडवाटेनं पळत त्यानं ओढ्याच्या पुलावर गाडी गाठली. छाती लोहाराच्या भात्यासारखी चालली होती. साहेबानं काच खाली केली.

"सेंटर माझ्या दारात टाका साहेब. थोरलं घर माझं हाय. रस्त्याला लागून हाय."

"एका गावात एकच सेंटर असतं," साहेब म्हणाला.

"मग त्या गौरीशंकरला दिलं का?"

"त्यांच्याशी बोलणं झालंय आमचं." साहेब हसला. "पण जो आधी हो म्हणेल त्याचं. फक्त एक आहे. भट्ट्या चालू राहिल्या तर आम्हाला दूध कुठून मिळणार? सेंटर ज्याच्या दारात, त्यानं आधी स्वतःची भट्टी काढायची. लोक त्याच्याकडं बघून येतात."

"आन मग खवा?"

"खव्याचं कंपनी बघेल. तुम्ही नुसतं दूध द्या. धूर नको, घाम नको. करायचं काय तुम्हाला?"

उन्हात उभ्या असलेल्या, खांदा दुखणाऱ्या माणसाला असं कुणी विचारलं, तर तो काय म्हणणार? शांतलिंग हो म्हणाला. खरं तर त्यानं अर्धंच ऐकलं होतं. गौऱ्याची भट्टी बंद पडायची तर आधी आपली मोडावी लागेल, एवढं त्याला कळलं आणि तेवढं चालत होतं. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायची आपल्याकडं जुनी रीत आहे. नाक गेल्याचं दुःख नंतर होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं टिकाव घेतला. त्याची आई, पार्वतम्मा, ओट्यावर लसूण सोलत बसली होती.

"काय करायलास रे?"

"सेंटर येणार हाय आव्वा. फरशी टाकायची हाय."

"भट्टीच्या जागी?"

"रस्त्याला तीच जागा हाय."

म्हातारी उठली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "तुझ्या आज्यानं लावलेली माती हाय ती. लई खणावं लागंल." आणि खरंच लई खणावं लागलं. वर्षानुवर्षं तापून माती विटेसारखी झाली होती. टिकाव उडत होता, हातांना फोड आले. कढई त्यानं गोठ्यामागं पालथी घातली. कोंबड्यांनी तिच्याखाली लगेच संसार थाटला.

सेंटर सुरू झालं ते नेमकं गौरीशंकरच्या पाळीच्या दिवशी. शांतलिंगनंच तो दिवस मागून घेतला होता. भाव ऐकून गुंडाप्पा आला. मग शांताक्का आली. दगडाबाई तेवढी चरवी घेऊन दोन्ही घरांच्या मधे घुटमळली. "पाळी मोडाय नगं वाटतंय बाबा," असं म्हणाली आणि मग कडब्याची आठवण होऊन तिनंही दूध सेंटरच्या मशीनवर ठेवलं.

पलीकडं गौरीशंकरनं भट्टी पेटवून ठेवली होती. कढई पुसून वर चढवली होती. शांतलिंग येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत होता, पण डोळा तिकडं होता. धूर नेहमीसारखा सरळ वर गेला. मग बारीक झाला. मग थांबला. शांतलिंगला इतकं हलकं वाटलं की तो घरात गेला, साखरेचा डबा घेऊन आला आणि दूध घालायला आलेल्या प्रत्येकाच्या हातावर साखर ठेवली.

"आयुबभाईचा खापरपणजा आला बगा माघारी," भुवनेश्वरी उंबऱ्यातून म्हणाली.

त्याच्या हातातला चमचा थांबला. पण माणसं हात पुढं करून उभी होती. त्यानं उरलेली साखरही वाटून टाकली.

संध्याकाळी गौरीशंकर आला. ओट्यावर बसला नाही.

"आण्णा, मला सांगायचं तरी. दोन घागरी पाणी घालून इस्तू इझवला म्या."

"तुला मिळालं न्हाय म्हणून बोलायलास व्हय?"

"मला नकोच हुतं. म्या त्याला तिथंच न्हाय म्हणलो. म्हणलं, आमची पाच घरांची पाळी हाय, ती मोडत न्हाय."

"मग हात करून जागा कुणाची दाखवत हुतास?"

"तुमची भट्टी दाखवली. म्हणलं, पाळी त्या थोरल्या घरापासनं सुरू हुती. काय इचारायचं ते आण्णाला इचारा. त्येंनी न्हाय म्हणलं की समद्यांचं न्हाय." गौरीशंकरनं खांद्यावरचा टॉवेल झटकला. "वाटलं, तुमी बी न्हायच म्हणसाल."

तो गेला. शांतलिंगला लाज वाटायला हवी होती आणि थोडी वाटलीही. पण तिच्या बुडाशी जुनी आग होतीच. खव्यात मागं टाकलं ते टाकलं, आता चांगुलपणातही या गौऱ्यानं पुढं जावं? रात्री तो नुसता कूस बदलत राहिला.

एकट्याच्या दुधानं कढई भरेना, म्हणून गौरीशंकरची चरवीही मशीनवर यायला लागली. पुढचे काही आठवडे पांढरे गेले. धूर नाही, घाम नाही. पण मशीन होतं. मशीन रोज दुधातल्या फॅटचा एक आकडा दाखवायचं आणि तो आकडा हळूहळू उतरायला लागला. भावही आकड्याच्या मागून उतरला. सांगायचं काम शांतलिंगचं.

"माझी म्हस तीच, सरकी तीच," दगडाबाई म्हणायची, "मग फ्याट कामून उतरलं?"

"मशीन सांगतंय, म्या न्हाय."

"मशीन तुझ्याच दारात हाय की."

पूर्वी खुणेला दोन बोटं दूध कमी पडलं तर कुणी बोलत नव्हतं. आता सगळे बोलत होते आणि त्याच्याशीच बोलत होते. आयुबच्या पिकअपला खव्याचं भाडं राहिलं नाही, तेव्हा त्यानं कंपनीचंच धरलं. जाताना कॅन, येताना खोकी. खोक्यांत कंपनीचे पेढे. परंड्याच्या दुकानांत ते चमकणाऱ्या कागदात मांडून ठेवलेले असायचे.

चैत्र लागला. सोनारीची यात्रा आली. थोरल्या घराच्या कढईतला पेढा भैरवनाथाला नैवेद्य म्हणून जायचा, तो पार्वतम्माच्या सासूच्या सासूपासून.

"यंदा कसं?" म्हातारीनं विचारलं.

"बघतो."

"बघायचं काय त्यात? गौऱ्याची भट्टी हाय अजून. जा आन माग. एका दिसाचं दूध ठिवून घेऊ."

शांतलिंग घराबाहेर पडला. गौरीशंकरच्या दारापर्यंत गेलाही. आत गौऱ्या म्हशीला पाणी दाखवत होता, त्यानं मान वर करायच्या आत शांतलिंग वळला. गौऱ्याकडं भट्टी मागायची, तो 'या आण्णा' म्हणणार आणि काहीच बोलणार नाही. त्यापेक्षा परंडा बरा.

तो थेट आयुबच्या घरी गेला. आयुबची बायको ताहेराबीनं चहा ठेवला. मधल्या खोलीत ज्वारीची पोती एका खोलगट जागेत रचलेली होती. शांतलिंगनं वाकून बघितलं. तोच तो खड्डा. पोत्यांच्या फटीतून काठाचा दगड दिसत होता, माणसांनी बसून बसून गुळगुळीत झालेला.

"बुजवला न्हाय?" त्यानं विचारलं.

"अब्बा बुजवू देत नव्हते," आयुब म्हणाला. "म्हणायचे, ऱ्हाऊ दे. येताजाता पाय अडखळाय पायजे." मग त्यानं पिकअपमधून एक खोकं काढून दिलं. "घे. तुमच्याच दुधाचे असतील बग. न्हायतर कुणाच्या तरी."

त्याच दिवशी सकाळी सेंटरवर दूध फार कमी आलं होतं. चार घरांतून कुणीच फिरकलं नव्हतं. ऊन वाढलं, म्हशी आटल्या असतील, असं शांतलिंगनं साहेबाला फोनवर सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी यात्रेत सोनारीला पाय ठेवायला जागा नव्हती. गुलाल, नारळ, पायऱ्या-पायऱ्यांवर माकडं. शांतलिंगनं एका हातानं आईला धरलं होतं, दुसऱ्या हातात ते चमकणारं खोकं. देवळाच्या दारातच गौरीशंकर उभा होता. मागं गुंडाप्पा, शांताक्का, दगडाबाई. गौरीशंकरच्या हातात पितळी डबा, वर धुतलेलं फडकं बांधलेलं. शांतलिंगला ते फडकं ओळखू आलं.

गौरीशंकर म्हातारीच्या पाया पडला. थोरल्या चुलतीला दोडव्वा म्हणायची त्यांच्यात रीत होती. "दोडव्वा, ह्यो घ्या नैवेद्य. आमी पाळी मोजत हुतो मनात. काल ती थोरल्या घराची पडत हुती. चौघांनी दूध काढून ठिवलं, माझ्या भट्टीवर आळवलं. पाळी तुमची, तर खवा तुमचा. आमी नुसती खरवड खाल्ली."

"मला सांगितलं न्हाय," शांतलिंग म्हणाला.

"सांगणार हुतो आण्णा." गौरीशंकरनं डबा म्हातारीपुढं धरला. "पर तुमच्या दारात मशीन हाय."

दगडाबाईनं पदर तोंडाला लावला. आजूबाजूची चार माणसं वळून बघायला लागली. पार्वतम्मानं डबा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. मग लेकाच्या हातातल्या खोक्याकडं बघून म्हणाली, "ती माकडांस्नी घाल."

त्यानं घातले. माकडांनी कागद फाडला, पेढे खाल्ले. नैवेद्य दाखवून झाल्यावर म्हातारीनं प्रसाद वाटला. गुंडाप्पाला, शांताक्काला, दगडाबाईला, गौरीशंकरला आणि सगळ्यांत शेवटी शांतलिंगला. बदामी रंगाचा, कणीदार, हाताला मऊ लागेल असा पेढा. पाचातल्या चार घरांचं दूध होतं त्यात आणि पाळी त्याची होती.

"खा की आण्णा," गौरीशंकर म्हणाला.

शांतलिंगनं पेढा तोंडाऐवजी नाकाशी नेला. एकदा वास घेतला. मग डोळे मिटून पुन्हा घेतला. कुठंतरी, बुडाशी, थोडासा तरी जळका वास यावा म्हणून तो भैरवनाथाच्या दारात उभा राहून जीव तोडून हुंगत राहिला. वास कुठंच नव्हता.